गच्चीवरचा बूस्टर

शनिवार, १० फेब्रुवारी २०२४ रोजी सकाळी सात वाजता मी रेडिओसंच सुरू केला आणि कानात घाण आली. दुसरा शब्द मला सापडत नाही. ओल्या भिंतीतल्या वायरीतून वीज गळताना जो चिकट, गुरगुरता आवाज येतो, तसा आवाज सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारवलेला होता. आणि त्या आवाजाखाली माझा मित्र होता.

मित्र म्हणजे नोकरीतला सहकारी. सिकंदराबादला रेल्वेच्या बिनतारी विभागात आम्ही शेजारशेजारच्या टेबलांवर बसून म्हातारे झालो. निवृत्तीनंतर तो परभणीजवळच्या आपल्या गावी गेला. मी हैदराबादला मलकपेठेतल्या या फ्लॅटमध्ये राहिलो. दोघांनीही हौशी रेडिओचा परवाना घेतला, दोघांनीही आपापल्या घरावर तार ताणली. रोज सकाळी सातला मोर्सच्या टिंब-रेघांत बोलायचे, मराठी शब्द रोमन अक्षरांत. सकाळी जमले नाही, तर काही न कळवता संध्याकाळी पाचला, त्याच जागी. ही नोकरीतलीच शिस्त होती. तिच्यावर आम्ही कधी चर्चा केली नाही.

काही वर्षांपूर्वी घशाच्या कर्करोगामुळे त्याचे स्वरयंत्र काढावे लागले. पाठोपाठ मधुमेहाने डोळे नेले. पाटीवर तो लिहितो, पण ओळीवर ओळ चढते आणि शेजारी राहून त्याचे सगळे करणाऱ्या पुतण्याच्या घरच्यांना ती लागत नाही. म्हणून घरचे त्याला फक्त होय-नाहीचे प्रश्न विचारतात आणि मानेकडे पाहतात. मान जराशी खाली गेली की होकार धरतात. मोर्सच्या कळीवर मात्र त्याचा हात पूर्वी होता तसाच आहे, सावकाश आणि स्वच्छ. रेघ ही रेघेइतकी आणि टिंब टिंबाइतके. माणूस एका हातात शिल्लक राहिला होता, असे म्हटले तरी चालेल.

त्या आठवड्यात त्याचा मुलगा पुण्याहून गावी आला होता. वडिलांना कायमचे पुण्याला न्यायचे, घराला कुलूप लावायचे, आणि रविवारी पहाटे गाडी निघायची, असे त्याने ठरवले होते. मला फोनवर म्हणाला, "बाबांनी हो म्हटलंय, काका."

"म्हटलंय?" मी विचारले.

"म्हणजे मान हलवली."

शुक्रवारी सकाळी मी मित्राला सरळ प्रश्न पाठवला: जायचे आहे का? उत्तर आले: उद्या सांगतो. मी मुलाला तसे कळवले आणि तोपर्यंत काही हलवू नका असे बजावले. मुलगा वाईट नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगा, म्हणजे ड्रायव्हरला नाही म्हणता येईल, एवढेच तो म्हणाला. वडील नाही म्हणाले तर गाडी परत पाठवण्याची त्याची तयारी होती. उत्तर काय येणार याबद्दल मला शंका नव्हती. जन्मभर ज्याने दुसऱ्याच्या छपराखाली रात्र काढणे टाळले, तो माणूस पुण्याच्या आठव्या मजल्यावर जाणार नव्हता. फक्त ते त्याच्या हातून यायला हवे होते.

फोनवरून का नाही, असे पुढे मला काही जणांनी विचारले. ते आम्ही करून पाहिले होते. मोबाइलला एकसुरी आवाज म्हणजे कचरा वाटतो. तो गाळून टाकतो आणि रेघेचे तुकडे पोचवतो. शिवाय फोन मुलाच्या हातात असतो. बाप काय बोलतो हे त्याला कळत नसले, तरी किती वेळ बोलतो हे कळते.

तर त्या सकाळी सातला मला त्याची हाक ऐकू आली, म्हणजे हाकेतली दोन अक्षरे. मग गुरगुर. मग एका शब्दाचे शेपूट. त्याच्याकडे हवा स्वच्छ होती. माझे त्याला नीट पोचत असणार, म्हणून मी सावकाश पाठवले: ऐकू येत नाही, पाच वाजता. हेच पुन्हा पाठवले आणि संच बंद केला.

बिघाड शोधणे हे आमच्या पोटापाण्याचे काम होते, त्यामुळे मी वेळ घालवला नाही. खिशातला लहान ट्रान्झिस्टर घेतला. त्याच्या आत एक काळी कांडी असते. कांडीचे टोक आवाजाच्या उगमाकडे वळले की आवाज बसतो, आडवी झाली की उठतो. त्यामुळे हातात ट्रान्झिस्टर धरून स्वतःभोवती हळूहळू फिरायचे आणि आवाज जिथे मरतो ती दिशा धरायची. जिन्याच्या प्रत्येक वळणावर मी असा फिरलो. दूधवाला थांबून पाहत राहिला. खालून वर येणाऱ्या एकाने विचारले, "क्या साब, कौनसा स्टेशन ढूंढ रै?" मी पुढच्या वळणाकडे गेलो.

दुसऱ्या मजल्यावर दिशा फसवी झाली. वायरिंग भिंतीतून जात असेल तिथे असे होते. तिथे पुण्याहून आलेले एक तरुण जोडपे राहते, दोघेही संगणकाच्या नोकरीत. मी त्यांची घंटा वाजवली. मुलगी दारात आली, कानात इअरफोनचे एक बोंडूक, हातात चहाचा कप. घरात काही नवीन यंत्र आणले आहे का, असे मी विचारले.

"नाही काका, आमच्याकडे काहीच नवीन नाही. इन फॅक्ट काल वरती बूस्टर लावलं ना, त्याचं असेल." मग जरा चाचरत म्हणाली, "ते तुमच्यामुळेच लावलंय."

माझ्यामुळे म्हणजे कसे, असे मी विचारले. महिनाभर सगळ्यांच्या टीव्हीचे चित्र अडकत होते, चेहऱ्यांचे चौकोन पडत होते. कोणीतरी म्हणाले, गच्चीवर म्हाताऱ्याचा टॉवर आहे, त्याचेच हे. तिने मोबाइलवर वाचले की रेडिओमुळे केबल खराब होऊ शकते, आणि ते इमारतीच्या ग्रुपवर टाकले. मग सेक्रेटरीने केबलवाल्याला बोलावले आणि माझ्या लहरींना पुरून उरेल असा बूस्टर बसवून घेतला.

"आणि काका, सॉरी हं, पण विचारायचं होतं. ते रेडिएशन सेफ असतं ना? आमचं बाळ येणार आहे म्हणून."

मी म्हटले, माझ्या संचापेक्षा तुमच्या कानातले बोंडूक तुमच्या डोक्याच्या अधिक जवळ आहे. ती हसली. मी हसायला सांगितले नव्हते. मला एवढेच दिसत होते की महिनाभर तीन मजल्यांवर माझी चौकशी झाली, निकाल लागला आणि शिक्षाही झाली, आणि तिसऱ्या मजल्यावर माझे दार वाजवण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

गच्चीवर गेलो. केबलवाल्यांनी या शहराच्या आकाशाचे जे करून ठेवले आहे ते मी रोज पाहतो, पण त्या दिवशी जवळून पाहिले. शेजारच्या इमारतीवरून आलेली काळी केबल पाण्याच्या टाकीच्या नळाला एक वेढा घेऊन, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून लोंबत, लिफ्टच्या खोलीकडे गेली होती. वाटेत ती एके ठिकाणी तुटलेली होती आणि जोडलेली होती. जोडलेली म्हणजे आतल्या तांब्याला पीळ दिलेला, बाहेरची जाळी अडचण म्हणून कापून फेकलेली, आणि वर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळलेला. चित्राचे चौकोन कुठून येत होते हे शोधायला मोबाइलवर वाचायची गरज नव्हती. डोळे पुरे होते.

आणि बूस्टर माझ्या खांबाला बांधला होता. माझी तार ज्या लोखंडी खांबावर उभी आहे, त्याच खांबाला, माझ्या तारेपासून हातभर खाली. त्यांच्या मते ज्याच्यापासून संरक्षण हवे, त्याच्याच गळ्यात ते बांधून ते लोक खाली उतरले होते. डब्यावर एक हिरवा दिवा जळत होता.

मी ट्रान्झिस्टर डब्याजवळ नेला. अपेक्षेइतका आवाज नव्हता. मग लिफ्टच्या खोलीतल्या फळीकडे नेला. तिथे बूस्टरला वीज देणारा काळा अडॅप्टर खोचलेला होता, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. तिथे ट्रान्झिस्टर किंचाळला. बूस्टरमधली पिन काढून पाहिली, किंचाळणे तसेच. अडॅप्टरच उपटला. शांतता झाली. दोष बूस्टरचा नव्हता, त्याला पोसणाऱ्या या ठोकळ्याचा होता. आत लोखंड नाही, गाळणी नाही, काही नाही. विजेचे तुकडे करून ते बाहेर फेकणारे एक स्वस्त यंत्र.

शांतता फार टिकली नाही. खाली दारे उघडल्याचे आवाज आले आणि सेक्रेटरी जिना चढून आला. हा गृहस्थ बांधकामाची कंत्राटे घेतो, पन्नाशीचा, तेलुगू, सगळ्यांशी दखनीत बोलतो आणि सगळ्यांचे ऐकून घेतो. करत काही नाही. मी त्याला अडॅप्टर दाखवला, ट्रान्झिस्टर वाजवून दाखवला. त्याने मान डोलावली, अडॅप्टर माझ्या हातून अलगद घेतला आणि परत खोचला.

"साब, लाइट देखो कैसा जल रा," तो म्हणाला. "परसों तक सब के टीवी में डब्बे-डब्बे. अब एकदम साफ."

तुटलेला जोड नीट केला तर बूस्टरची गरजच राहणार नाही, असे मी सांगितले. त्याने केबलवाल्याला फोन लावून माझ्या हातात दिला. केबलवाला मला चचा म्हणाला. जोड ठीक आहे, म्हणाला. सोमवारी माणूस पाठवतो, म्हणाला. "मगर बूस्टर को हात नक्को लगाओ, चचा. बंद हुआ तो पूरी बिल्डिंग मेरे कू गाली देती."

मी सेक्रेटरीकडे संध्याकाळी पाचला अर्धा तास मागितला. कारणही सांगितले, एका वाक्यात: गावी एक माणूस आहे, त्याला बोलता येत नाही, आणि आज त्याच्याकडून एक उत्तर यायचे आहे.

"पाँच बजे तो अम्मा का सीरियल है, साब. मेरे अकेले का होता तो मैं बंद कर देता. पूरे बिल्डिंग का मामला है." मग त्याला खरोखरच मदत करावीशी वाटली असावी. तो म्हणाला, "उनकू वाट्सप करने बोलो ना."

मला वीट आला. राग नव्हे. रागाला समोर कोणीतरी लागते. इथे कोणी नव्हते. एकाने पीळ दिला होता, दुसरीने वाचले होते, तिसऱ्याने फोन केला होता. कोणीही काही केले नव्हते, आणि एका माणसाचा आवाज बंद झाला होता.

मी विचारले, डबा राहिला, दिवा राहिला, चित्र राहिले, आणि फक्त हा काळा ठोकळा बदलला, तर चालेल का?

"लाइट रहेगा ना?"

"राहील."

"फिर हमकू क्या प्रॉब्लम है, साब."

जेवण न करता मी कोठीच्या बाजारात गेलो. रेडिओचे सुटे भाग मिळणारी तिथली गल्ली मला पूर्वीपासून ठाऊक आहे. आता तिथे मोबाइलच्या पाठीवरची झाकणे विकतात. एका दुकानात अडॅप्टर होते, टोपलीभर. मी एकेक हातात घेऊन पाहत होतो. लोखंडी गाभ्याचा असेल तर हाताला कळते. तो जड असतो. सगळे हलके होते. वाळलेल्या शेंगांसारखे हलके. दुकानदार पाहत होता. जड कशाला पाहिजे, त्याने विचारले. मी सांगितले. "वो अब आतेइच नै, चचा," तो म्हणाला. "भंगार में देखो. नसीब रहा तो मिलता." भंगाराच्या दोन दुकानांतही पाहिले. नशीब नव्हते. परत आलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

जड ट्रान्सफॉर्मर एकच होता, आणि तो माझ्या टेबलाखाली होता. माझा संच त्याच्यावर चालतो. नोकरीत असताना मी तो स्वतः बांधला होता. उचलायला दोन्ही हात लागतात. सोडवला, व्होल्टेज बारावर आणून ठेवले, आणि गच्चीवर नेला. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. शेवटचा जिना मी प्रत्येक पायरीवर टेकत चढलो. बूस्टरला माझ्या खांबावरून सोडवून लिफ्टच्या खोलीच्या खिळ्याला अडकवले, काळा ठोकळा उपटला, आणि वायरी खोलीच्या दाराबाहेर ठेवलेल्या माझ्या ट्रान्सफॉर्मरला जोडल्या. हिरवा दिवा लागला. ट्रान्झिस्टर गप्प राहिला. खालून कोणी ओरडले नाही.

खाली येऊन संचाला घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी जोडली आणि बसलो. पाचला काही मिनिटे होती. पट्ट्यावर नेहमीची खसखस होती, दूरच्या विजांची, जी कोणाच्याही निष्काळजीपणातून आलेली नसते. ती मला चालते.

पाचला त्याची हाक आली. मी उत्तर दिले आणि शुक्रवारचा प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्याला तो माहीत होता.

 उत्तर आले: जातो.

 मुलासाठी तीन वाक्ये मी मनात तयार करून ठेवली होती, तिन्ही नकाराची. मी पाठवले: का?

त्याचा हात सावकाश चालला. "इथे आंघोळ पुतण्याची बायको घालते. लाज वाटते."

आणि मग: "मुलगा म्हणाला, तिकडे मी घालीन."

गेली काही वर्षे आम्ही रोज बोलत होतो. पाऊस, साखरेचे आकडे, जुन्या साहेबांची मयते, शेजाऱ्याचा बांध. आंघोळीचा विषय त्याने कधी काढला नव्हता आणि मी कधी विचारला नव्हता. मुलाने विचारला असावा, किंवा पाहिला असावा.

मी पाठवले: नक्की?

उत्तर आले: "एकदा सांगितले."

मग त्याने निरोपाची खूण पाठवली, जी आम्ही दोघे प्रत्येक दिवसाच्या शेवटी पाठवतो. मीही पाठवली. त्याने कळ खाली ठेवली असावी. मी थोडा वेळ ऐकत राहिलो. पट्टा स्वच्छ होता.

मुलाला फोन केला. म्हटले, "तुमचे वडील येतात. त्यांनी सांगितले."

"येतात?" त्याने विचारले. बहुधा त्याने माझ्याकडून वेगळे अपेक्षिले होते. त्याचेही बरोबर होते.

"आंघोळ तुम्ही घालायची," मी म्हटले. "माणूस ठेवायचा नाही."

"हो काका. मीच घालणार आहे." मग म्हणाला, "त्यांची ती मशीन इथेच ठेवू का? तिकडे आठव्या मजल्यावर…"

"संच आणि कळ त्यांच्या मांडीवर द्या, सामानात टाकू नका. छपरावरची तार कापायची नाही. सोडवायची, गुंडाळायची, बरोबर न्यायची. पुण्याला बाल्कनीत जेवढी मावेल तेवढी बांधा."

"तेवढ्यात लागेल?"

मला उत्तर माहीत होते. त्याच्या इमारतीत असे काळे ठोकळे प्रत्येक भिंतीत खोचलेले असणार, आणि त्यांच्यामध्ये बाल्कनीतली तार म्हणजे बाजारात कुजबुजणे. मी म्हटले, "बांधून पाहा." त्याने हो म्हटले आणि कोणत्या बाजूची बाल्कनी चांगली, तेही विचारले. पूर्वेकडची, मी सांगितले. हैदराबाद त्या बाजूला आहे.

अंधार पडायच्या आत ट्रान्सफॉर्मर खाली आणावा म्हणून पाना घेऊन गच्चीवर गेलो. माझ्या वस्तूवर सेक्रेटरीच्या आईची मालिका चालवण्याचे आता कारण उरले नव्हते. खाली कोणाच्या तरी घरात ती चालू होती. एक बाई रडत होती, आणि मागे वाद्ये वाजत होती. दुधाच्या पिशवीचा जोड होता तसाच होता. सोमवारी कोणी येणार नव्हते, हे मला माहीत होते आणि केबलवाल्यालाही माहीत होते. मी एक नट अर्धा सैल केला. ट्रान्सफॉर्मरला हात लावून पाहिला. कोमट होता, आवाज करत नव्हता.

काळा ठोकळा परत आला, तर पुण्याची कुजबुज ऐकू येणार नव्हती. नट परत आवळला. फेब्रुवारीत पहाटे दव पडते आणि तांब्याच्या गुंडाळीला ओल चालत नाही. टाकीजवळ एक फुटक्या कानाची प्लास्टिकची बादली पडलेली होती. ती ट्रान्सफॉर्मरवर पालथी घातली, वायरींसाठी आणि वाऱ्यासाठी एका बाजूने फट ठेवली, वर दोन विटा ठेवल्या, आणि खाली आलो.